रविवारचा घुम्या

४ फेब्रुवारी, रविवार

पहिल्या किल्लीला सुरू झाली! एवढ्या गारठ्यात! नाहीतर हिवाळ्यात बाईसाहेबांचे नखरे असतात — खोकायचं, थरथरायचं, पुन्हा गप्प. याच आठवड्यात सायलेन्सर बदलला तेव्हा मेकॅनिक म्हणाला होता, "आता बघा कशी बोलते." बोलते खरी. जरा खर्जात बोलते, पण बोलते.

आई खिडकीत शाल गुंडाळून उभी. "सावकाश जा गं." हे म्हणायचं असतं म्हणून म्हणते. शेजारच्या सीटवर बसली की हीच बाई माझ्या दंडाला चिमटे काढते — "त्याला मागे टाक की! रांगतेस काय!" आज सर्दी म्हणून घरी राहिली. तोंड एवढंसं.

पुलापर्यंत रस्ता मोकळा. तिथून डावीकडे, पाणथळाच्या बांधावर. बांध मातीचा, अरुंद, कडेचं लव्हाळं माणसाहून उंच. बांधाखालून पाणी पलीकडे जातं तिथे सिमेंटची जुनी मोरी आहे. तिच्यावर थांबायचं हे ठरलेलं. थर्मासमधली कॉफी, समोर धुकं, धुक्यातून वर येणारा सूर्य. इंजिन बंद करत नाही. बंद केलं की रुसते, मग धक्का मारायला तिथे कोण आहे? म्हणून उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. आवाज पडायला लागला की जरासं दाबायचं, सोडायचं. परत पडायला लागला की परत. पाय आपला आपण करतो. मी सूर्य बघते.

आठवड्यात एवढाच वेळ माझा. बाकीचा सगळ्यांना वाटलेला.

पण आज मजा थोडी कमी आली. शुक्रवारी डबा खाताना पेडलने विचारलं ते डोक्यातून जात नाही. (पेडल म्हणजे आमच्या ऑफिसातला. ऊन असो वारा असो, सायकल. त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येतं.) म्हणाला, "दिवसभर पाणथळातले पक्षी ऐकतेस आणि रविवारी ती हिरवी तोफ पळवतेस. एका डोक्यात दोन्ही मावतं कसं?" मी म्हटलं, "डोकं मोठं आहे." सगळे हसले. तोही हसला. पण उत्तर दिलंच नाही मी.

आता पानाला देते. ऑफिसला बसने जाते. विमानात कधी बसले नाही. मोबाईल बंद पडेस्तोवर बदलत नाही. कपडे दोरीवर वाळतात. मग आठवड्यातून एकदा, दोन सीटची, जुनी, दुसऱ्याने वापरलेली गाडी — एवढीही हौस करू नये माणसाने? असं मी मनातल्या मनात मांडते आणि दर वेळी मीच जिंकते. तेच जरा संशयास्पद आहे.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आईची सर्दी आता माझ्याकडे. हेडफोन लावून शिंकलं की काय होतं ते शत्रूलाही कळू नये.

८ फेब्रुवारी, गुरुवार

घुम्या सापडला!!

नीट लिहिते. 

पाणथळात आम्ही काठ्यांवर रेकॉर्डर बांधलेत. बुधवारी पेडल होडीने जाऊन आठवड्याची रेकॉर्डिंगं घेऊन येतो, गुरुवारपासून मी ऐकते आणि कुठे कोण बोललं त्याच्या खुणा करते. मोठ्या रस्त्याची घरघर मागे कायम असते. कान ती गाळून टाकायला शिकतो, तीच तर माझी नोकरी. तर आज रविवार पहाटेचं ऐकत होते. पाणकोंबड्या, बेडूक, नेहमीची मंडळी. आणि मग — घुं. थांबून, घुं. परत, घुं. रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी फुंकर मारावी तसं, पण बाटली रांजणाएवढी.

 घुम्या! बगळ्याच्या कुळातला, लव्हाळ्याच्या रंगाचा, दिवसभर मान वर करून गवतासारखा उभा राहणारा. बापजन्मात कुणाला धड दिसला नाही, वर्षानुवर्षं बोलला नाही, म्हणून ऑफिसात पडलेलं नाव. आपल्या पाणथळातून गेलाच असं सगळे धरून चालले होते. मी सुद्धा.

बाईंना हाक मारली. (बाई म्हणजे आमच्या प्रमुख. चाळीस माणसांच्या गोंधळातही हळू बोलतात आणि सगळ्यांना ऐकू येतं.) त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले. मग घुम्याचं जुनं रेकॉर्डिंग काढून शेजारी लावलं. सारखंच! जरा भसाडं आहे इतकंच. "म्हातारा झाला असेल," पेडल म्हणाला आणि चक्क नाचला. पेडल! नाचला!

पुढच्या महिन्यात नव्या रस्त्याची सुनावणी आहे. पाणथळाच्या पोटातून सरळ रस्ता न्यायचा बेत आहे. आमच्याकडे आजवर सांगायला होतं काय? बेडूक आणि पाणकोंबड्या. त्या काय, कुठेही असतात, म्हणतात ते. पण घुम्या असला तर रस्त्याला वळावंच लागेल, तसा नियमच आहे.

घरी येऊन आईला सांगितलं. म्हणाली, "बघ, मी म्हणतच होते." काय म्हणत होती कुणास ठाऊक.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

पेडलने बिस्किटांचा पुडा आणला, माझ्या टेबलावर ठेवला. "परवा जरा जास्तच बोललो. ज्याला एवढं ऐकू येतं त्या माणसाने काय हवं ते चालवावं." मी म्हटलं, "लिहून दे." बिस्किटं मऊ पडलेली होती तरी सगळी खाल्ली.

११ फेब्रुवारी, रविवार

आज मुद्दाम लवकर गेले, आईला घेऊन. मोरीवर थांबून काच खाली केली आणि कान टवकारले. घुम्या काही ऐकू आला नाही. येणार कसा, मीच तर घरघर लावून बसलेले! आई म्हणाली, "बंद कर की मग." म्हटलं, बंद केली तर तूच उतरून ढकल. मग कॉफी प्यायली आणि निमूट परत.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

परत रविवारीच! परवाच्या रविवारी पहाटे, साधारण त्याच वेळेला. घुं, घुं, घुं. बाकी आठवडाभर मौनव्रत.

बाई म्हणाल्या, "रविवारीच का?" पेडलकडे उत्तर तयार — रविवारी मोठ्या रस्त्यावर ट्रक कमी असतात, शांत असतं, म्हणून तो गळा मोकळा करतो. बाईंना पटलं. मलाही पटलं. अहवालात तसं लिहून पाठवलं देखील: पक्षी शांततेला फार जपतो.

१७ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी रेकॉर्डिंग घरी आणलं, आईला ऐकवायला. जेवणाच्या टेबलाशी बसलो, एकेक हेडफोन एकेकीच्या कानात. आई मान डोलवत होती, गाणं ऐकावं तशी. मग मध्येच खाली वाकून बघितलं.

"पाय काय हलवतेस गं सारखा?"

बघितलं तर खरंच. टेबलाखाली माझा उजवा पाय. जरासा दाबतोय. सोडतोय. आणि तो दाबला की लगेच, कानात — घुं.

आवाजाच्या आधी. प्रत्येक आवाजाच्या जरासा आधी.

आईला वाटलं मला चक्कर आली. पाणी घेऊन आली. मी म्हटलं, काही नाही, जेवण जड झालं. अजून जेवलोच नव्हतो.

१८ फेब्रुवारी, रविवार

खात्री करायची तर गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवायला हवी. पहाटेच ताईला फोन केला. माझी मोठी बहीण, तिला गाडी चालवता येते असं तिचं मत आहे. "आज सकाळी? मोरीवर जाऊन नुसतं उभं राहायचं? आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसायचं? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" आली मात्र. नाईट गाऊनवर जॅकेट घालून.

मी अंधारातच होडी काढून लव्हाळ्यात गेले, रेकॉर्डरच्या काठीपाशी. पाणी काळं, थंडी हाडात. सगळीकडे कुजबूज चालू — बेडूक, बारके पक्षी, पाण्यात कुणीतरी सूर मारतंय. किती दिवसांनी हे हेडफोनशिवाय ऐकत होते!

मग आला. लव्हाळ्यातून, पाण्यावरून, अगदी समोरून. घुं. घुं. मध्ये एकदा भलताच लांब — ताईचा पाय जड आहे.

मोरी! सायलेन्सरचा आवाज मोरीच्या तोंडातून आत शिरतो, पाइपात घुमतो आणि पलीकडून पाण्यावर बाहेर पडतो. गाडीचा राहात नाही तो. कुणा प्राण्याचा होतो. आणि मला ओळखू येणार कसा? मी ही गाडी आतूनच ऐकत आले. माझ्या कानात ती मांजरासारखी घुरघुरते. बाहेर, इतक्या लांब, गवतात बसलेल्याला ती कशी ऐकू येते हे कधी ऐकलंच नाही. दिवसभर दुसऱ्यांचे आवाज ओळखण्याचा पगार घेते मी!

परत आले तर ताई स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेली. "झालं का तुझं?" म्हटलं, झालं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

नाही सांगितलं. पेडल दिवसभर शीळ घालत होता.

२० फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं.

बाईंच्या खोलीत, दार लावून, पेडललाही बोलावून. सगळं सांगितलं — मोरी, पाय, ताई. ततपप झालं पण सांगितलं. बाई खुर्चीत मागे टेकल्या.  मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग पेडल म्हणाला, "राहू द्या ना."



"घुम्या नाही हे ठाऊक कुणाला आहे? आपल्या तिघांना. रस्ता झाला तर सगळंच जाईल — बेडूक, पाणकोंबड्या, सगळं. एक खोटा पक्षी ठेवून बाकीचे खरे वाचत असतील तर काय बिघडलं?"

"आणि कुणी म्हटलं, दाखवा पक्षी?" बाई.

"तो दिसत नाहीच!"

गंमत बघा. गाडीवाली मी, मी म्हणत होते खरं सांगू या. आणि नाकाने कांदे सोलणारा पेडल म्हणत होता खोटं चालेल. मी चिडले. म्हटलं, तुला हे शोभत नाही. तर शांतपणे म्हणाला, "तुझ्या रविवारच्या कॉफीपायी आपण इथवर आलो. आणि आता खरेपणाचा मानही तूच घेणार!"

लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं.

बाई उठल्या. "घुम्याच्या खुणा पुसून टाक. अहवालातली नोंद मागे घ्यायची. सुनावणीत मी स्वतः सांगेन, आमची चूक झाली." मग दाराशी थांबून, पेडलच्या खांद्यावर हात ठेवून, "मलाही वाटलं क्षणभर, ठेवावं. पण मग आपण कुणाचे आवाज ऐकतोय?"

घरी येताना बसमध्ये रडले. शेजारच्या बाईने रुमाल दिला.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

खुणा पुसायला बसले. पुसायच्या आधी शेवटचं ऐकावं म्हणून पहिल्या रविवारचं पहिल्यापासून लावलं. या वेळी घुम्याकडे कान दिलाच नाही, मला काय, तो मीच. बाकीचे ऐकले.

बेडूक — होते. बारके पक्षी — होते. पाणकोंबडी आपल्या पिलांवर ओरडत होती. मग घुं. आणि एकेक करून सगळे बंद. कुणीतरी खोलीत येऊन दिवे मालवत जावं तसे. माझी कॉफी संपली, मी निघून गेले — तरी बंद. कितीतरी वेळ. पाणकोंबडी तर उन्हं वर येईस्तोवर बोललीच नाही.

दुसरा रविवार लावला. तेच. ताईवाला रविवार — तेच, जरा जास्तच. मग मधले सोमवार, मंगळवार लावले. त्याच वेळेला नुसता बाजार भरलाय!

मी या रेकॉर्डिंगवर खुणा केल्या होत्या. त्या शांततेवर कुठे खूण केली नव्हती. जे बोलतात त्यांच्यावर खूण करायची, जे गप्प झाले त्यांच्यावर करायची पद्धतच नाही आमच्यात.

बाईंना नेऊन ऐकवलं. त्यांनी दोनदा ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, "घुम्यापेक्षा हे मोठं आहे." मला आधी कळलंच नाही. म्हणाल्या, "एक गाडी. बांधावर. उभी. तिने इतकं केलं. रस्ता काय करेल याचा पुरावा आपण शोधत होतो ना? तो तू दर रविवारी जाऊन तयार करत होतीस." आणि हसल्या! मला हसू आलं नाही. म्हणजे हौसेने, कॉफी पीत, सूर्य बघत मी — असो.

पण दोन-तीन रविवारांवर कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणे. अजून हवेत. एक रविवार गाडीचा, एक बिनगाडीचा, आलटून पालटून. तीच गाडी, तीच मोरी, तोच पाय. "जाशील ना?"

आता जिवावर येतंय तर ऑफिसच पाठवतंय!

२५ फेब्रुवारी, रविवार

कामावर म्हणून गेले. शेजारी पेडल, वेळ टिपायला घड्याळ घेऊन. मंगळवारपासून आमचं बोलणं कामापुरतंच. त्याला पट्टा लावता येईना, सीट इतकी खाली की गुडघे छातीशी. "यात माणसं बसतात?" मी म्हटलं, गप्प बस.

पुलापर्यंत रस्ता मोकळा होता. मी काही मुद्दाम केलं नाही. नेहमी करते तेच केलं. चौथ्या गिअरमध्ये जरा पाय ठेवला.

 तिरक्या डोळ्यांनी पेडलकडे बघितलं तर लहान मुलासारखा हसत होता! माझं लक्ष गेलं तसं तोंड मिटलं त्याने.

मोरीवर थांबलो. दाबलं, सोडलं. आता मला तो आवाज दोन्हीकडून ऐकू येतो, आतून आणि बाहेरून. कॉफी त्याला देऊन टाकली. त्याने वेळ लिहिली. सूर्य आला. छानच होता, त्याचा काय दोष.

परतताना पुलाच्या अलीकडे म्हणाला, "जरा लांबून जाऊ या का? त्या मोकळ्या रस्त्याने?"

गेलो. लांबून गेलो.  ऑफिसपाशी उतरताना म्हणाला, "परवा बोललो ते..." म्हटलं, ते खरं होतं. म्हणाला, "हो, पण मीही काही साधू नाही. कळलं आज."

३ मार्च, रविवार

बिनगाडीचा रविवार. आई आणि मी घरात समोरासमोर. तिने वर्तमानपत्र तीनदा वाचलं.

१० मार्च, रविवार

गेले. दाबलं. सोडलं. आले.

२१ मार्च, गुरुवार

सुनावणी झाली.

लांबलचक हॉल, पंखे कुरकुरणारे. टेबलाशी अधिकारी, एका बाजूला रस्त्यावाले, एका बाजूला आम्ही. बाई उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्यात म्हणाल्या की अहवालात आम्ही एका दुर्मिळ पक्ष्याची नोंद पाठवली होती, ती चुकीची होती, पक्षी नाही. हॉलमध्ये कुजबूज. रस्त्याच्या इंजिनियरने शेजाऱ्याला कोपर मारलं. 

मग मी उठले. रेकॉर्डिंग लावलं. आधी बाजार. मग घुं, घुं. मग काहीच नाही. ते काहीच नाही मी चालू ठेवलं. लोकांना वाटलं मशीन बिघडलं. कुणीतरी खोकलं. पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. तरी चालू ठेवलं. मग सांगितलं की हे पाणथळच आहे, सगळे आत बसलेत, आणि हे एका उभ्या गाडीनंतरचं आहे.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "गाडी कुणाची?"

"माझी."

हशा पिकला. इंजिनियर उठला, म्हणाला, "मग मॅडम, आधी स्वतःची गाडी विका, मग आमच्या रस्त्याला नावं ठेवा."

हे कुणीतरी म्हणणार हे मला ठाऊक होतं. रात्रभर उत्तर जुळवलं होतं. उभी राहिले तर त्यातलं एक वाक्य आठवेना. जे आलं ते बोलले — "साहेब, गाडी माझी आहे म्हणूनच सांगते. मला ती फार आवडते. आत बसलं की वाटतच नाही आपण कुणाला काही करतोय. तुमच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एकालाही वाटणार नाही."

तो बसला. पटलं म्हणून की जेवायची वेळ झाली म्हणून, माहीत नाही.

निकाल पुढच्या आठवड्यात.

२४ मार्च, रविवार

बाई म्हणाल्या गाडीचा अजून एक रविवार करून ठेव, कुणी मागितला तर हाताशी असेल. आईला नेलं. मनात ठरवलं होतं की ही शेवटची फेरी, म्हणून नेलं. तिला बोलले नाही.

येताना एका मोठ्या गाडीला मागे टाकलं. आईने मागे वळून त्या माणसाला हात केला.

२८ मार्च, गुरुवार

रस्ता वळला!!! पाणथळाला वळसा घालून जाणार. बाईंनी फोन ठेवला आणि खाली बसल्या, नुसत्या बसल्या. पेडलने मला मिठी मारली, मग दोघंही ओशाळलो.

सोबत आणखी एक हुकूम. उद्यापासून बांध सगळ्या मोटारींना बंद. आमचाच पुरावा! पेडल माझ्याकडे बघत होता, मी काय म्हणते म्हणून. म्हटलं, बरोबरच आहे.

३१ मार्च, रविवार

गाडी दिली. दाताचे डॉक्टर आहेत, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. दार उघडून आधी सीटवरून हात फिरवला, तेव्हाच कळलं, नीट ठेवतील.

बांध बंद झाला म्हणून नाही दिली. रस्ते काय, ढीगभर आहेत. पण आता आत बसले की मला ती बाहेरून ऐकू येते. पेडलचा प्रश्न होता ना, एका डोक्यात दोन्ही मावतं कसं? मावतं. डोक्यात सगळं मावतं. कानात नाही मावलं.

आई दुपारपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "मला विचारायचंस तरी." खरं आहे. विचारायला हवं होतं. मी म्हटलं, आपण बसने जाऊ कुठेतरी. तिने अशा नजरेने बघितलं की मी स्वयंपाकघरात गेले.

चुकल्याचुकल्यासारखं होतंय. रडूही येतंय. गाडीसाठी कुणी रडतं का? मी रडतेय.

४ एप्रिल, गुरुवार

चोवीस मार्चचं रेकॉर्डिंग ऐकायचं राहिलं होतं. आज लावलं. आधी बाजार. मग मोरीवरची मी — घुं, घुं. पाय टेबलाखाली आपोआप चालू. मग मी निघून गेले. मग शांतता, नेहमीची, लांबलचक.

आणि त्या शांततेत, आई आणि मी घरी पोचलोही असू तेव्हा, लव्हाळ्याच्या अगदी आतून — घुं.

थांबून, परत. परत. आता तू बोल, म्हटल्यासारखं.

खाली बघितलं. माझा पाय जागचा हलला नव्हता.